चुकीचा आवाज ऐकू येत नाही तेव्हा : वॉरक्राफ्ट ३ च्या वर्ल्ड एडिटरची समीक्षा



अभियांत्रिकीच्या वर्गात ‘समीक्षा’ हा शब्द सहसा ऐकू येत नाही. तो भाषेच्या तासाचा शब्द मानला जातो. पण प्रोग्रामिंगची भाषा किंवा एखादा एडिटर ही माणसाने माणसासाठी केलेली रचनाच असते. ती आपल्याला काय सहज म्हणू देते, काय लपवते आणि आपण चुकलो की काय सांगते, असे तीन प्रश्न तिला विचारता येतात. या टिपणात आपण हेच प्रश्न वॉरक्राफ्ट ३ या स्ट्रॅटेजी गेमच्या वर्ल्ड एडिटरला आणि त्यातल्या ‘जॅस’ या स्क्रिप्टिंग भाषेला विचारणार आहोत.

हा विषय निवडण्यामागे एक जुनी बाब आहे. काही वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे प्रोजेक्टचा विषय घेऊन आला. त्याने वॉरक्राफ्टचा एक नकाशा तयार केला होता आणि त्यात एक दोष होता : दोन हीरोंनी एकच स्पेल एकाच वेळी वापरली की नुकसान भलत्याच शत्रूचे व्हायचे. या दोषाचा शोध हाच त्याचा प्रोजेक्ट होता. मी फाईल न उघडताच सांगितले, “खेळ नको. लायब्ररी मॅनेजमेंट घे.” त्याने मुकाट्याने ते केले, चांगले गुण मिळवले आणि तो गेला. त्याच सत्रात मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला सामायिक चल आणि रेस कंडिशन फळ्यावर चौकोन काढून शिकवत होतो. तो मुलगा नेमके तेच घेऊन आला होता, फक्त त्याच्या चौकोनात हीरो होते. मला ते ओळखता आले नाही. तेव्हा हे टिपण काही अंशी जुनी बाकी चुकती करण्यासाठी आहे.

१. पार्श्वभूमी

ब्लिझर्ड एंटरटेनमेंटचा वॉरक्राफ्ट ३ हा खेळ २००२ साली आला आणि ‘द फ्रोझन थ्रोन’ ही त्याची पुरवणी २००३ साली. खेळाच्या सीडीबरोबरच वर्ल्ड एडिटर मिळत असे. खेळणाऱ्याने स्वतःचा नकाशा करावा ही कल्पना मात्र त्याआधीची आहे. त्याच कंपनीच्या १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्ये, तसेच दुसऱ्या कंपनीच्या १९९९ च्या एज ऑफ एम्पायर्स २ मध्येही नकाशाला ‘ट्रिगर’ जोडता येत असत.

त्या जुन्या एडिटरांमध्ये खऱ्या अर्थाने चल नव्हते. लोकांनी त्यावर तोडगे काढले. स्टारक्राफ्टच्या नकाशात कधीच न वापरलेल्या एखाद्या युनिटचे ‘किती मेले’ हे मोजमाप लोक आकडा साठवायला वापरत. एज ऑफ एम्पायर्समध्ये नकाशाच्या कोपऱ्यात एखादे युनिट लपवून ठेवत आणि ते जिवंत आहे की नाही यावरून ‘हो’ किंवा ‘नाही’ ओळखत. तुमच्या पुस्तकात ज्याला ‘स्टेट’ म्हणतात ते इथे कोपऱ्यात उभ्या असलेल्या सैनिकाच्या रूपात होते. साधन अपुरे असले तरी गरज ओळखणारा माणूस रचना शोधून काढतो, हे यातून दिसते.

वर्ल्ड एडिटरने ही ओढाताण संपवली. त्यात चल आले, ॲरे आले, फंक्शन आले आणि पडद्याआड एक पूर्ण भाषा आली.

२. घटना, अट, कृती

वर्ल्ड एडिटरमधल्या प्रत्येक ट्रिगरचे तीन भाग असतात : घटना, अट आणि कृती. “एखादे युनिट या क्षेत्रात शिरले” ही घटना, “ते युनिट शत्रूचे आहे” ही अट, “एक जीव कमी कर” ही कृती. हे सगळे यादीतून निवडायचे असते, टाइप करायचे नसते. त्यामुळे सेमिकोलन विसरण्यासारख्या चुका इथे होतच नाहीत.

या रचनेचे पहिले श्रेय असे की ती नवशिक्याला योग्य जागी उभे करते. आपल्याकडे प्रोग्रामिंग ‘मेन’ फंक्शनपासून सुरू होते आणि वरून खाली वाचले जाते. पण मोबाइलचे ॲप, वेबसाइट किंवा लिफ्टचा कंट्रोलर तसा चालत नाही. काहीतरी घडते आणि त्याला उत्तर दिले जाते. हा घटनाप्रधान विचार आपण तिसऱ्या वर्षी शिकवतो. या एडिटरमध्ये तो पहिल्या अर्ध्या तासात हाती येतो.

दुसरे श्रेय असे की यादीतून केलेला ट्रिगर ‘कस्टम टेक्स्ट’मध्ये बदलता येतो. तो बदलला की त्यामागचा जॅस कोड समोर येतो. आपण निवडलेली एक साधी कृती आत एका तयार फंक्शनला बोलावते, ते फंक्शन आणखी आतल्या मूळ फंक्शनला बोलावते, हे थर वाचता येतात. तयार फंक्शनांची फाईलही उघडून पाहता येते. पण हा रस्ता एकेरी आहे. एकदा कोडमध्ये बदललेला ट्रिगर परत यादीच्या रूपात येत नाही. शिकणाऱ्याला आत डोकावायचे असेल तर मागे यायचा दरवाजा बंद होतो. म्हणून अनेक जण ट्रिगरची नक्कल काढून ती नक्कलच बदलतात. माझ्या मते हा या एडिटरच्या रचनेतला मोठा दोष आहे, कारण जिज्ञासेची किंमत इतकी असू नये.

३. ‘थांबा’ या कृतीचा सापळा

आता त्या विद्यार्थ्याच्या दोषाकडे येऊ. स्पेलचा ट्रिगर असा होता : स्पेल वापरली गेली की लक्ष्य एका चलात ठेव, दोन सेकंद थांब, मग त्या चलातल्या युनिटचे नुकसान कर. एका हीरोने वापरली तर सगळे नीट चालते.

पण यादीतून केलेले सगळे चल ‘ग्लोबल’ असतात. पहिल्या हीरोने स्पेल वापरली, चलात शत्रू ‘अ’ गेला आणि ट्रिगर थांबला. एका सेकंदाने दुसऱ्या हीरोने तीच स्पेल वापरली आणि त्याच चलात शत्रू ‘ब’ गेला. पहिला ट्रिगर जागा होतो तेव्हा त्याला ‘ब’ सापडतो. ‘ब’ला दोनदा मार बसतो आणि ‘अ’ सुखरूप राहतो.

‘इंटिजर ए’ या तयार लूपची गोष्टही अशीच आहे. त्याचा मोजणी-आकडा हाही एकच सामायिक चल आहे. लूपच्या आत ‘थांबा’ टाकले आणि तेवढ्यात दुसऱ्या ट्रिगरने तोच लूप चालवला, तर पहिल्याची मोजणी बिघडते. दहा युनिट यायला हवीत तिथे चार येतात, किंवा वीस.

इथे एक बारकावा पाहा. ‘ट्रिगर करणारे युनिट’ हे मूल्य थांबल्यानंतरही बरोबर राहते, कारण ते त्या ट्रिगरच्या त्या एका चालण्याशी बांधलेले असते. ‘शेवटचे तयार केलेले युनिट’ हे मूल्य मात्र सगळ्यांचे सामायिक असते, ते मधल्या काळात बदलू शकते. यादीत दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत असतात. एक माझे आहे आणि एक सगळ्यांचे, हे एडिटर कुठेही सांगत नाही. नकाशे करणाऱ्यांनी या गुणाला स्वतःचे नावच दिले. एकाच वेळी अनेक युनिटांनी वापरली तरी न बिघडणारी स्पेल म्हणजे ‘एमयूआय’. पुस्तकात याला रीएंट्रन्सी म्हणतात. कल्पना तीच आहे. पुस्तक ती व्याख्येतून देते, नकाशा ती हरलेल्या डावातून देतो.

४. न फेकलेला कचरा

दुसरा नेहमीचा दोष मेमरी लीकचा. यादीतून ‘युनिटची जागा’ निवडली की आत एक नवी वस्तू तयार होते, ‘लोकेशन’. ‘क्षेत्रातली सगळी युनिट’ निवडली की ‘ग्रुप’ नावाची आणखी एक वस्तू तयार होते. काम झाले तरी त्या आपोआप नष्ट होत नाहीत.

थोडा हिशेब करू. एक ट्रिगर दर ०.०३ सेकंदाला चालतो आणि प्रत्येक वेळी एक लोकेशन व एक ग्रुप मागे सोडतो, असे धरा. चाळीस मिनिटांचा डाव म्हणजे २,४०० सेकंद. ट्रिगर ८०,००० वेळा चालेल आणि १,६०,००० वस्तू मेमरीत पडून राहतील. डाव हळूहळू जड होतो, आणि खेळ बंद करताना संगणक बराच वेळ अडकून बसतो. होस्टेलच्या लॅनवर आम्ही याचे खापर नेटवर्कवर फोडायचो. माझा स्वतःचा टॉवर डिफेन्सचा नकाशा अर्ध्या तासानंतर रांगायला लागायचा, आणि मी केबल बदलत बसायचो. केबलचा काही दोष नव्हता.

उपाय एका ओळीचा आहे : जागा आधी चलात ठेवा, वापरा, आणि मग ‘रिमूव्ह लोकेशन’ला बोलावणारी एक कस्टम स्क्रिप्टची ओळ हाताने लिहा. त्या ओळीत चलाच्या नावाआधी ‘यूडीजी’ आणि अंडरस्कोर लावावा लागतो आणि लहान-मोठी अक्षरे तंतोतंत जुळावी लागतात. म्हणजे यादीतून शिकणाऱ्या कित्येकांनी हाताने लिहिलेली कोडची पहिली ओळ साफसफाईची होती. मला हे फार अर्थपूर्ण वाटते. जे तयार केले त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सी भाषेत ‘मॅलॉक’ आणि ‘फ्री’ शिकवताना आपण विचारतो. तिथे निदान ‘मॅलॉक’ हा शब्द तरी दिसतो. इथे एडिटर वस्तू गुपचूप तयार करतो आणि झाडू तेवढा नवशिक्याच्या हातात देतो. हा न्याय नाही.

५. सर्वांत मोठा दोष : मौन

जॅसवर टीका करणारे बहुतेक जण तिच्या शब्दबंबाळपणावर बोट ठेवतात. फंक्शन ‘काहीच घेत नाही, काहीच परत देत नाही’ हेही प्रत्येक वेळी लिहावे लागते. मला त्यात फारसे वावगे वाटत नाही. लांब लिहिण्याने कोणाचा नकाशा बिघडत नाही.

तिचा खरा दोष मौन हा आहे. चालू असताना चूक झाली तर जॅस काही बोलत नाही. पूर्णांकाला शून्याने भागले, मूल्य न दिलेला चल वाचला, किंवा न थांबता फार मोठा लूप चालवून ठरावीक मर्यादा ओलांडली, तर तो धागा तिथल्या तिथे मरतो. त्याच्या खालच्या ओळी चालत नाहीत. पडद्यावर संदेश येत नाही आणि खेळ पुढे चालू राहतो.

उदाहरण घ्या. लाट संपली की १,२०० सोने त्या क्षेत्रात उभ्या असलेल्या खेळाडूंत वाटायचे आणि मग पुढची लाट सुरू करायची. एखाद्या वेळी क्षेत्रात कोणीच नसते. भाजक शून्य होतो, धागा मरतो आणि पुढची लाट कधीच येत नाही. खेळणारे वाट पाहतात. नकाशा करणारा लाटेचा ट्रिगर तपासतो, तो निर्दोष असतो. चूक चार ओळी वर, सोन्याच्या हिशेबात आहे, आणि तिने स्वतःहून हाक मारलेली नाही.

हा निर्णय का घेतला असावा, हे समजण्यासारखे आहे. खेळणाऱ्याच्या पडद्यावर मध्येच तांत्रिक संदेश येऊ नये, डाव बंद पडू नये. पण खेळणारा आणि करणारा ही दोन वेगळी माणसे आहेत. करणाऱ्याला चाचणीच्या वेळी सत्य कळायलाच हवे. जे साधन चूक लपवते ते वापरणाऱ्याला हळूहळू अंधश्रद्ध करते. “हा ट्रिगर दोनदा सेव्ह केला की चालतो”, “इथे ०.०१ सेकंद थांबवले की बरे होते”, असे तोडगे मी स्वतः वापरले आहेत. का चालते हे माहीत नसायचे.

आता आपल्या प्रयोगशाळेकडे पाहा. जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाखाली “आउटपुट अपेक्षेप्रमाणे मिळाले” हे वाक्य असते. कुठे अडलो आणि कसे सोडवले, हे लिहायला जागाच नसते. जॅसच्या मौनावर टीका करताना हे मौनही मोजायला हवे. ते आम्ही शिक्षकांनी तयार केलेले आहे.

६. अनेक संगणक, एक डाव

स्ट्रॅटेजी गेममध्ये शेकडो युनिट असतात. प्रत्येकाची जागा नेटवर्कवरून सतत पाठवणे त्या काळच्या जोडणीला झेपणारे नव्हते. म्हणून प्रत्येक संगणक संपूर्ण डाव स्वतः चालवतो आणि नेटवर्कवरून फक्त खेळाडूंच्या आज्ञा जातात. आज्ञा सारख्या आणि नियम सारखे असतील तर सगळीकडे डाव सारखाच राहील, हे त्यामागचे गृहीतक. याला लॉकस्टेप म्हणतात.

हे गृहीतक एका फंक्शनने मोडता येते, ‘गेट लोकल प्लेअर’. ते प्रत्येक संगणकावर वेगळे उत्तर देते. त्याच्या अटीत संदेश दाखवला किंवा कॅमेरा हलवला तर चालते, कारण ती फक्त बघण्याची गोष्ट आहे. पण त्याच अटीत युनिट तयार केले, किंवा यादृच्छिक आकडा मागितला, तर एका संगणकावरचा डाव बाकीच्यांपेक्षा वेगळा होतो आणि तो खेळाडू बाहेर फेकला जातो. याला डीसिंक म्हणतात. एकट्याने कितीही चाचणी केली तरी हा दोष दिसत नाही, त्याला किमान दोन संगणक लागतात.

२०१९ मध्ये वॉरक्राफ्ट ३ मध्ये ल्युआ ही भाषाही आली. लिहायला ती कितीतरी सोपी आहे. पण तिच्या टेबलमधल्या नोंदी ‘पेअर्स’ने फिरताना क्रमाची हमी नसते. त्या क्रमावर डावाचा निर्णय ठेवला तर डीसिंकचा धोका पुन्हा उभा राहतो. भाषा बदलली तरी निश्चिततेची अट सुटत नाही.

७. दोष कसा शोधावा

या एडिटरबरोबर डीबगर मिळाला नाही. तरी लोकांनी जी पद्धत बसवली ती कोणत्याही भाषेत उपयोगी आहे.

पहिली पायरी : दोष पुन्हा घडवा. “कधी कधी होते” हे वर्णन पुरेसे नाही. कोणते हीरो, कोणत्या क्रमाने, किती सेकंदांच्या अंतराने, हे लिहा.

दुसरी पायरी : अर्धे करा. ट्रिगरमध्ये चाळीस कृती असतील तर मधोमध एक संदेश दाखवणारी कृती टाका. संदेश दिसला तर धागा तिथपर्यंत जिवंत होता. मग उरलेल्या भागाच्या मध्यावर जा. चाळीस ओळींत चुकीची ओळ जास्तीत जास्त सहा चाचण्यांत सापडते. बायनरी सर्च तुम्ही पाठ केला आहे, इथे तो वापरायचा आहे.

तिसरी पायरी : फक्त ‘इथे आलो’ असे दाखवू नका, मूल्य दाखवा. भाजक किती आहे, चलात कोणते युनिट आहे, हे पडद्यावर आणा.

चौथी पायरी : एका वेळी एकच बदल करा. दोन बदल करून दोष गेला तर तो कशामुळे गेला हे कळत नाही, आणि जे कळले नाही ते परत येते.

८. मूल्यमापन

मग हे साधन चांगले की वाईट? त्यातून काय निर्माण झाले ते आधी पाहू. डोटा हा नकाशा २००३ मध्ये याच एडिटरमध्ये सुरू झाला आणि तो एकामागून एक अनेक हौशी माणसांनी वाढवला. आपल्याकडच्या होस्टेलांत आणि सायबर कॅफेंतही तो रात्र रात्र चालायचा. त्याच घाटाचा लीग ऑफ लेजंड्स २००९ मध्ये आला, आणि २०१३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा डोटा २. खेळांचा एक अख्खा प्रकार यातून उभा राहिला. २०२० मध्ये वॉरक्राफ्टची ‘रीफोर्ज्ड’ आवृत्ती आली तेव्हा ब्लिझर्डने आपल्या धोरणात कस्टम गेमची मालकी स्वतःकडे असल्याचे लिहिले. दुसऱ्याच्या साधनात काम करताना परवान्याचा मजकूर वाचावा, हा धडा अभ्यासक्रमात नाही, पण असायला हवा.

माझे मत असे : वर्ल्ड एडिटर हा प्रवेशद्वार म्हणून उत्तम आणि शिक्षक म्हणून अर्धवट आहे. काहीतरी जिवंत, चार मित्र खेळतील असे काही तो पहिल्याच दिवशी करू देतो, आणि हे सामर्थ्य आमच्या कित्येक प्रयोगांत नाही. पण चूक झाली की तो तोंड फिरवतो. ज्यांच्याजवळ विचारायला कोणी होते ते त्यातून शिकले. ज्यांच्याजवळ नव्हते त्यांनी नकाशा अर्धवट सोडला. त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

साधन गप्प असेल तेव्हा शेजारच्या माणसाने बोलायचे असते. त्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभ्या असलेल्या मुलाला मी एवढेच विचारायला हवे होते : “दुसऱ्या हीरोने स्पेल टाकली तेव्हा चलात काय होते?” त्याला बहुधा उत्तर माहीत होते. मला त्याच्याकडून रेस कंडिशनचे एक चांगले उदाहरण मिळाले असते.

तुमच्याकडे असा एखादा अर्धवट नकाशा, मॉड किंवा छोटा खेळ असेल तर तो पुन्हा उघडा. आणि तुमच्या शिक्षकांकडे न्याल तेव्हा “मी गेम केला” असे म्हणून सुरुवात करू नका. दोष कोणता होता तिथून सुरुवात करा.

स्वाध्याय

१. ग्लोबल चल, ‘थांबा’ आणि दोन हीरो, या उदाहरणातल्या घटना सेकंदांच्या रेषेवर मांडा. ‘अ’ आणि ‘ब’ नेमके कधी अदलाबदल होतात ते दाखवा.

२. हाच दोष तुमच्या आवडीच्या भाषेत दोन थ्रेड वापरून मुद्दाम घडवा आणि मग दुरुस्त करा.

३. सोन्याच्या वाटणीचा ट्रिगर शून्य खेळाडू असतानाही पुढची लाट सुरू करील, असा कागदावर पुन्हा लिहा.

४. दर ०.०५ सेकंदाला चालणारा ट्रिगर तीन वस्तू मागे सोडत असेल, तर तीस मिनिटांत किती वस्तू साचतील? आणि तुमच्या उपायाने किती उरतील?

५. तुमच्या मागच्या प्रयोगाच्या जर्नलमध्ये एक परिच्छेद जोडा : कुठे अडलो, काय समजत होतो, आणि प्रत्यक्षात काय होते.